मकाह होड्यांवर लिहिण्याआधी

चि.,
अनेक आशीर्वाद.

प्रकल्पाचा मसुदा वाचला. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या मकाह या मूलनिवासी लोकांच्या समुद्री होड्या हा विषय घेतलास, फार बरं वाटलं. पण पहिल्याच पानावर ‘झाड कोरून केलेली होडी’ एवढं लिहून तू पुढे गेलीस. तिथेच थांब. खरी विद्या कोरल्यानंतरची आहे.

रेड सीडर या झाडाचा ओंडका पोखरून झाला तरी होडी अरुंदच असते. मग तिच्यात पाणी भरायचं, विस्तवात तापवलेले दगड सोडायचे, वर चटया झाकायच्या. वाफेनं लाकूड नरमलं की बाजू हळूहळू बाहेर रेटायच्या आणि आडव्या दांड्या बसवून तिथेच धरायच्या. बाजू फाकल्या की मधला काठ खाली बसतो, दोन्ही टोकं वर उचलतात. म्हणून कारागीर कोरतानाच मधला काठ उंच ठेवतो! जाडीत चूक झाली तर लाकूड तडकतं आणि सगळी मेहनत वाया. हा सगळा हिशेब त्याच्या हाताडोळ्यांत असायचा. तू संगणकावर तयार होडी काढली आहेस. आधी न फाकवलेली काढ, मग ती उघडून बघ. माझ्या मते हेच तुझं मुख्य प्रकरण.

नाळेचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाचा, उंच भाग वेगळा कोरून जोडतात. देवमाशाच्या शिकारीला आठजण निघायचे, भालेवाला पुढे नाळेत. वल्ही यू झाडाच्या लाकडाची, टोकाला निमुळती, पाणी निथळताना आवाज होऊ नये म्हणून.

सगळ्या होड्या मकाहांनीच घडवल्या असं मात्र लिहू नकोस. मकाहांच्या प्रदेशातल्या केप फ्लॅटरी भूशिराजवळ राहिलेल्या जेम्स स्वान या अमेरिकी लेखकानं एकोणिसाव्या शतकातच नोंदवलंय की सर्वांत मोठ्या आणि उत्तम होड्या आजच्या कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावरून यायच्या, कारण तिथलं सीडर सरस.

आणि ‘होत्या, करत असत’ ही भाषा काढून टाक. देवमाशाच्या शिकारीचा हक्क मकाहांनी अमेरिकी सरकारशी झालेल्या 1855च्या करारात राखून ठेवला. 1999 मध्ये ते सीडरच्या होडीतूनच शिकारीला गेले, आणि 2010 मध्ये किनाऱ्यावरच्या अनेक जमातींच्या होड्या निआ बे या त्यांच्या गावी त्यांच्याकडे पाहुण्या आल्या.

सिएटलला आहेसच, तर निआ बेला जाऊन ये. दरड कोसळून गाडलं गेलेलं मकाहांचं ओझेट गाव 1970 पासून अकरा वर्षं उकरलं गेलं. तिथल्या वस्तू मकाहांच्या स्वतःच्या संग्रहालयात आहेत, पूर्ण आकाराच्या होड्याही. काठाची जाडी नीट न्याहाळ. मोजमापं घ्यायची तर आधी परवानगी माग. सुधारलेला मसुदा पहिल्यांदा त्यांना दाखव, मग मला पाठव.