कॅथलिक लोक संतांची पूजा करतात का? बायबलमध्ये एकच मध्यस्थ सांगितला असताना ते संतांकडे का जातात?

नाही, पूजा करत नाहीत. एवढं सांगून मोकळी झाले असते. पण तुम्ही प्रश्नाखाली बायबलमधलं १ तीमथ्य २:५ हे वचन दिलंय, देव आणि माणूस यांच्यामध्ये ख्रिस्त येशू हा एकच मध्यस्थ आहे, आणि ते वचन मी आईच्या उशाशी इतक्या वेळा ऐकलंय की एका ओळीत माझं भागणार नाही.

मी वसईची, जन्माची कॅथलिक. आमच्या माहेरी अल्तारावर, म्हणजे घरातल्या प्रार्थनेच्या जागेवर, येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, मारियामाता आणि वीतभर उंचीचा संत अंतोनी होता, हातात बाळ येशू घेतलेला. काही हरवलं की आई त्याला हाक मारायची. किल्ली, चष्मा, एकदा तर विहिरीजवळ पडलेली कानातली रिंग. १३ जूनला त्याचा सण, म्हणजे आमच्याकडे पाऊस सुरू होण्याचे दिवस. त्या दिवशी आई मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाऊन आली की मगच पेरणीचं बोलायची.

माझा मोठा भाऊ आईच्या आजारपणाच्या दोनेक वर्षं आधी संतांना न मानणाऱ्या एका प्रार्थना गटात जायला लागला. त्याच्याबद्दल वाईट सांगायचं नाही. त्याची दारू तिथेच सुटली, हे मी कोणासमोरही कबूल करेन. पण आईला कॅन्सर निघाला आणि एके दिवशी मी माहेरी गेले तर अल्तारावर अंतोनी नव्हता. दादाने मला बाजूला घेऊन सांगितलं, मूर्ती घरात आहे तोवर आई बरी होणार नाही, म्हणून काढून ठेवली. आईला त्याने सांगितलं नव्हतं. तिला वाटलं गोळ्यांच्या गुंगीत आपणच कुठे तरी ठेवला. पडल्या पडल्या ती म्हणत होती, "अंतोनी, कुठे आहेस रे, सापड बाबा." अंतोनीला शोधायला ती अंतोनीलाच सांगत होती, मला माहीत होतं तो कुठे गेलाय, आणि आजारी माणसासमोर तमाशा नको म्हणून मी गप्प बसले. ते गप्प बसणं मला आजही सहन होत नाही.

शेवटच्या रात्री वाडीतल्या बायका रोजरीसाठी, म्हणजे मण्यांच्या माळेवर मारियेची प्रार्थना म्हणायला, आल्या. दुसऱ्या रहस्याला, म्हणजे रोजरीच्या दुसऱ्या भागाला, दादा उठला आणि म्हणाला, मारियेला नको, सरळ येशूला सांगा. बायका थांबल्या. चाळीस वर्षं एकमेकींच्या घरी रोजरी म्हणणाऱ्या बायका पदर सावरून खाली बघत बसल्या. मी त्याला स्वयंपाकघरात नेलं. त्याच संध्याकाळी त्याने आपल्या गटातल्या चाळीसेक जणांना निरोप पाठवला होता, आईसाठी प्रार्थना करा. मी विचारलं, "दादा, चाळीस जणांना मध्ये घातलंस, तेव्हा एकच मध्यस्थ कुठे गेला?" तो म्हणाला, "ती जिवंत माणसं आहेत."

सगळा वाद ह्या एका वाक्यात आहे. बाकी तुम्ही कुठेही वाचाल ते ह्याच्या भोवतीचं आहे.

तुमचंच वचन घ्या. पाचवं वचन वाचण्याआधी त्याच अध्यायातलं पहिलं वाचा. तिथे हे पत्र लिहिणारा पौल सांगतो, सगळ्या माणसांसाठी विनंत्या आणि प्रार्थना करा. चार ओळींवर तो स्वतःचंच म्हणणं खोडेल का? ख्रिस्ताने आपलं रक्त देऊन जी मध्यस्थी केली ती एकच, तिच्यात कोणी भागीदार नाही, हे कॅथलिक चर्चही तितक्याच ठामपणे शिकवतं. एकाने दुसऱ्यासाठी प्रार्थना करणं हे त्या मध्यस्थीच्या आधारावरच चालतं. तेव्हा प्रश्न मध्यस्थ किती हा नाहीच. मेलेला माणूस चर्चच्या बाहेर जातो की आतच राहतो, हा आहे.

मेलेले पुन्हा उठतात हे न मानणाऱ्या सदूकींना येशूने सांगितलं, अब्राहाम, इसहाक, याकोब यांचा देव मेलेल्यांचा नाही, जिवंतांचा आहे. डोंगरावर रूपांतर झालं तेव्हा तो मोशे आणि एलियाशी बोलत होता, आणि मोशे तर कधीचा मेलेला. बायबलच्या प्रकटीकरण ह्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात स्वर्गातले वडीलजन सोन्याच्या वाट्या घेऊन कोकऱ्यापुढे, म्हणजे ख्रिस्तापुढे, येतात, आणि त्या वाट्यांतला धूप म्हणजे पवित्र जनांच्या प्रार्थना. दादा ह्यावर बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाचा अठरावा अध्याय काढतो, मेलेल्यांना विचारू नका. बरोबर आहे, विचारू नका. तिथे भुतं बोलावून भविष्य विचारण्याला मनाई आहे. आई अंतोनीला भविष्य विचारत नव्हती.

आमच्या प्रार्थनेचे शब्दच नीट ऐका. संतांची नावं घेत जाणारी जी मोठी प्रार्थना आहे, तिच्यात देवाचं नाव आलं की आम्ही म्हणतो "आम्हांवर दया कर". मारियेचं, पेत्राचं, अंतोनीचं आलं की "आम्हांसाठी विनंती कर". दया कर असं आम्ही मारियेलाही म्हणत नाही. आराधना फक्त देवाची, संतांना मान, हा फरक ७८७ साली चर्चच्या निकेया इथल्या दुसऱ्या परिषदेने मूर्ती आणि चित्रांच्या वादात लेखी ठरवून दिला. वाडीतल्या न शिकलेल्या बाईलाही तो पाठ आहे, कारण तो तिच्या तोंडातल्या क्रियापदात आहे.

मूर्तीबद्दल थोडक्यात: बायबलच्या निर्गम ह्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात कोरीव मूर्ती करून तिला नमन करू नकोस असं सांगणारा देवच पंचविसाव्या अध्यायात कराराच्या कोशावर, म्हणजे पवित्र पेटीवर, सोन्याचे करूब, म्हणजे पंख असलेले देवदूत, घडवायला सांगतो.

"तुमचं बायबल वेगळं का?" असंही तुम्ही विचारलंय. आमच्यात ७३ पुस्तकं, प्रोटेस्टंटांच्यात ६६. जास्तीची सात आम्ही घुसडली असं दादा म्हणतो, कारण कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने १५४६ साली यादी पक्की केली. पण तीच यादी ३९७ साली कार्थेजच्या परिषदेत आहे, प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा मार्टिन लुथर जन्मण्याच्या हजारावर वर्षं आधी. त्या सातांतल्या मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकात मेलेला संदेष्टा यिर्मया लोकांसाठी प्रार्थना करताना दिसतो. बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या संत जेरोमला ह्या पुस्तकांबद्दल शंका होती, हेही खरं.

संत कोण हे रोम ठरवतं म्हणजे रोम संत तयार करतं, असंही नाही. आमचा गोन्सालो गार्सिया घ्या. वसईत जन्मला, जपानमध्ये आधी व्यापार केला, मग फ्रान्सिस्कन ब्रदर झाला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २५ सोबत्यांसह क्रूसावर भाल्याने मारला गेला. १६२७ मध्ये धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, १८६२ मध्ये संत. मेल्यापासून संत ठरेपर्यंतची २६५ वर्षं तो स्वर्गाच्या दाराबाहेर उभा नव्हता. चर्चने फक्त खात्रीने सांगितलं की हा माणूस तिथे आहे, त्याला सांगा. संतपदासाठी चमत्कार तपासतात तेही त्याच खात्रीसाठी.

आमच्यातही चुकतात, ते सांगायला हवं. वांद्र्याच्या माऊंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरं वाहतात. त्यामागे आभार असतील तर चांगलंच. पण "मी एवढी मेणबत्ती लावते, तू मला एवढं दे" हा सौदा झाला आणि तो चर्चच्या शिकवणीत बसत नाही. अंतोनी ऐकत नाही म्हणून त्याला उलटा ठेवणारे लोक मी पाहिलेत. त्यांना दादासारखा कोणी बोलला तर मी त्याला अडवणार नाही. आणि कॅथलिक माणसाने कोणत्याच संताकडे विनंती केली नाही तरी तो कॅथलिकच राहतो, तशी सक्ती नाही.

तुम्ही त्या बाजूचे असाल तर एक मागणं आहे. वाद घाला, पण आजारी माणसाच्या खोलीत नको, आणि न विचारता कोणाच्या अल्तारावरचं काही उचलू नका. आई गेल्यावर मला अंतोनी पंपाच्या खोलीत सापडला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, बाळ येशूचा एक हात तुटलेला. आता तो माझ्या घरी आहे.

आई गेल्याला महिना झाला त्या मिस्सेच्या दिवशी मी दादाला विचारलं होतं, तेच तुम्हालाही विचारते. बोलता येत होतं तोवर आईने रोज रात्री त्याचं नाव घेऊन एक नमो मारिया, म्हणजे मारियेची प्रार्थना, म्हटली, त्याची दारू सुटावी म्हणून आणि सुटल्यावर परत लागू नये म्हणून. जी बाई कॅन्सरच्या वेदनेत हे विसरली नाही, ती आता देवासमोर उभी राहून मुलाचं नाव घ्यायचं थांबली असेल का?

दादाने अजून उत्तर दिलेलं नाही.