सोल आणि पॉप गाण्यांतील कोणता ब्रिज तुम्हाला सर्वांत जास्त भावतो, आणि का?

एकच निवडायचा झाला, तर कृष्णवर्णीय अमेरिकी सोल गायक सॅम कुक यांच्या १९६४ मधील ‘अ चेंज इज गॉना कम’ या गाण्याचा. मात्र त्याच्याकडे वळण्यापूर्वी आणखी तीन गाण्यांविषयी लिहितो, कारण ब्रिज (गाण्याच्या मध्ये येणारा वेगळ्या चालीचा भाग) काय काय करू शकतो हे मला त्यांनी शिकवले.

आपल्याकडचा अंतरा चाल तीच ठेवून शब्द बदलत पुन्हा पुन्हा येतो. ब्रिज बहुधा एकदाच येतो, आणि त्याची चाल कडव्याचीही नसते व ध्रुवपदाचीही नसते. त्यामुळे तेथे गाण्याला आपली बाजू बदलण्याची मुभा मिळते. बीटल्स या ब्रिटिश बँडच्या ‘वी कॅन वर्क इट आउट’ (१९६५) मध्ये हे अगदी उघड दिसते. समजुतीची, आशेची कडवी मॅकार्टनी यांची आहेत, तर आयुष्य थोडे आहे, भांडायला वेळ कुठे आहे, असे म्हणणारा, उदास वाटणाऱ्या मायनर स्वरमेळातला ब्रिज लेनन यांचा आहे. त्याच्या शेवटी ताल एकाएकी वॉल्ट्झसारखा तीन-तीनच्या झोक्यात जातो (ही कल्पना हॅरिसन यांची) आणि हार्मोनियमचा सूर त्याखाली ओढल्यासारखा चालत राहतो. दोन माणसांचे दोन स्वभाव एकाच गाण्यात शेजारी बसलेले ऐकू येतात.

बिल विदर्स यांच्या ‘एन्ट नो सनशाइन’ (१९७१) मध्ये नियमाप्रमाणे ब्रिज नाहीच. तिसऱ्या कडव्याच्या जागी ते ‘आय नो’ हे दोनच शब्द सव्वीस वेळा म्हणतात. तेथे खरे शब्द नंतर लिहायचा त्यांचा विचार होता, पण ध्वनिमुद्रणाच्या वेळी निर्माते बुकर टी. जोन्स यांनी ते तसेच राहू द्यायला सांगितले. भोवतीची वाद्ये बाजूला होतात, ठेका आणि आवाज उरतो, आणि माणूस स्वतःचीच समजूत घालू पाहतो आहे पण ती पटत नाही, हे कोणत्याही नव्या ओळीपेक्षा त्या पुनरुक्तीतून अधिक कळते. मी हे ब्रिजमध्येच मोजतो.

अरीथा फ्रँकलिन यांच्या ‘रिस्पेक्ट’ची (१९६७) गोष्ट निराळी आहे. ओटिस रेडिंग यांच्या १९६५ च्या मूळ गाण्यात ब्रिज नव्हता. तो हवा असे वाटल्यावर सॅम अँड डेव्ह या गायकजोडीच्या ‘व्हेन समथिंग इज राँग विथ माय बेबी’ या गाण्यातील कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरगट) उचलून त्यांवर किंग कर्टिस यांच्याकडून सॅक्सोफोन वाजवून घेण्यात आला. परिणामी सी मेजर पट्टीतले गाणे काहीही पूर्वसूचना न देता थेट एफ शार्प मायनरमध्ये जाते. इतक्या दूरच्या पट्टीत गेल्यावर ठिगळ दिसायला हवे होते. प्रत्यक्षात घडते असे, की परत मूळ पट्टीत आल्यावर अरीथा यांचा आवाज आणखी ठाम वाटतो, आणि मग ‘रिस्पेक्ट’ (आदर) या शब्दाचे एकेक अक्षर त्या सुटे उच्चारतात तेव्हा ती मागणी टाळता येण्यासारखी राहत नाही.

आता कुक यांच्या गाण्याविषयी. रेने हॉल यांनी केलेल्या वाद्यमेळात तंतुवाद्ये, फ्रेंच हॉर्न आणि टिंपनी (नगाऱ्यासारखी मोठी तालवाद्ये) आहेत, आणि ब्रिजमध्ये टिंपनीचे घुमणे पुढे येते. त्यात गायक आपल्या भावाकडे जातो, मदत मागतो, आणि तो भाऊच त्याला पुन्हा गुडघ्यांवर पाडतो. कृष्णवर्णीय माणसाला अमेरिकेत नाकारले जाण्याचा अनुभव या गाण्यामागे आहे. १९६३ च्या ऑक्टोबरात श्रीव्हपोर्ट येथे कुक यांना स्वतःला मोटेलमध्ये खोली नाकारण्यात आली होती. मात्र हे गाणे मी कितीतरी वेळा ऐकले, तरी एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. प्रत्येक कडवे बदल येणारच या ओळीवर येऊन थांबते. ब्रिज मात्र त्या ओळीवर येतच नाही. संपूर्ण गाण्यात आशेचा आधार नसलेली तेवढी एकच जागा आहे. म्हणून त्यानंतरच्या कडव्यात, आपण तग धरू शकणार नाही असे कधी कधी वाटले होते, पण आता पुढे जाता येईल, असे ते गातात तेव्हा त्या शब्दांवर विश्वास बसतो. तीच ओळ मग शेवटची येते, आणि ती आधीच्यासारखी ऐकू येत नाही.

एक सूचना करावीशी वाटते. १९६४ च्या डिसेंबरात, कुक यांच्या मृत्यूनंतर, जी सिंगल (गाण्याची सुटी तबकडी) निघाली तिच्यातून ब्रिजच्या लगेच आधीचे कडवे गाळले होते. चित्रपटगृहात आणि शहरात जाऊ पाहणाऱ्या माणसाला येथे फिरकू नकोस असे सांगितले जाते, ते हे कडवे. ते नसेल तर भावाकडे जाण्याचे निकडीचे कारणच हरवते. त्यामुळे ‘एन्ट दॅट गुड न्यूज’ या अल्बमवरील पूर्ण रूपच ऐकावे, आणि शक्य असल्यास हेडफोन लावून ऐकावे, म्हणजे टिंपनी नेमकी कोठे पुढे येते ते निसटणार नाही.