नदीखोऱ्याचं पाणीवाटप संगणकाच्या मॉडेलनं ठरवलं तर ते न्याय्य होईल का?

ठरवू देऊ नका. मांडून मात्र जरूर बघा.

मी जळगाव जिल्ह्यातल्या भडगाव तालुक्यातला. गिरणा नदीच्या कालव्यावर शेती, पाणीवापर संस्थेचा हिशेबही काही वर्षं माझ्याकडे होता. एकदा बाहेरच्या एका संस्थेची मंडळी असंच एक मॉडेल लॅपटॉपवर घेऊन आमच्याकडे आली. भिंतीवर गिरणा उमटली: वर चणकापूर, हरणबारी ही धरणं, मग मालेगावचं पिण्याचं पाणी, गिरणा धरण, जामदा बंधारा, आमच्या चाऱ्या, म्हणजे कालव्यातून शेताकडे जाणारे छोटे पाट. धरणात अर्धाच साठा असेल तर काय, असं विचारलं की आकडे बदलायचे. मंडळी रंगून गेली. मागच्या बाकावरून टेलचे, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचे, एक आबा म्हणाले, "आमना वावरम्हा पानी उनंच नही, नि आठे हिरवं कसं?" (आमच्या शेतात पाणी आलंच नाही, मग इथे हिरवं कसं?)

खरंच, आमची चारी हिरवी, म्हणजे पाणी पुरतंय अशी, दिसत होती, कारण रंग दहा वर्षांच्या सरासरीचा होता. चांगल्या सात वर्षांनी कोरडी तीन झाकली होती.

वीप (WEAP) नावाचं सॉफ्टवेअर अशा कामाला बरंच वापरतात. त्यात प्रत्येक मागणीला १ ते ९९ असा प्राधान्यक्रम द्यावा लागतो, १ म्हणजे सगळ्यात आधी. तो आकडा माणूस टाकतो, मशीन नाही. एकाच क्रमांकाच्या सगळ्यांना तुटीच्या वेळी मागणीच्या सारख्याच टक्क्यानं पाणी मिळतं. ऐकायला किती न्यायाचं! पण समजा उसाची मागणी १०० आणि हरभऱ्याची ३०. पाणी ६० टक्केच आहे, तर एकाला ६०, दुसऱ्याला १८. नमुना नंबर ७, म्हणजे पाणी मागणीचा अर्ज, भरताना ज्यानं हात सैल सोडला, त्याचं भलं. म्हणजे भांडण वाटपाचं नसतंच, ते मागणीच्या रकान्यात आधीच मिटवलेलं असतं.

दुसरी गोम गळतीची. 'पाण्याच्या प्रत्येक थेंबामागे जास्तीत जास्त उत्पन्न' हे उद्दिष्ट मॉडेलला दिलं, तर ते शेवटची चारी आधी कापणार. तिथपर्यंत पाणी नेताना निम्मं वाटेत जिरत असेल, तर गणिताच्या दृष्टीनं टेलवाला उधळ्या ठरतो. गळकी चारी त्यानं बांधली नाही, भोगतो मात्र तोच.

आपल्याकडे पांझरा, मोसम नद्यांवर फड पद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे. बंधारा, पाट आणि पाटाखाली फड, म्हणजे शेतांचे मोठे गट. एका फडात एकच पीक, आणि बहुतेकांची जमीन वेगवेगळ्या फडांत थोडी थोडी. पाणी कमी असेल तर एखादा फड कोरडा सोडायचा; त्यात सगळ्यांचंच थोडं जायचं, एकट्या कोणाचं घर बसत नसे. पाटकरी पाणी द्यायचा, जागल्या राखण करायचा. तूट वाटण्याची सोय जमिनीच्या मांडणीतच होती, म्हणून दर हंगामात नव्यानं न्याय मागत फिरावं लागत नसे. ती मांडणी आता आणता येणार नाही, वाटण्या होऊन जमिनी फार चिरल्या.

तुटीचा भार खोऱ्यातल्या सगळ्यांनी वाटून घ्यावा, असं २००५ चा महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदाही म्हणतो. वरची नाशिक-नगरची धरणं आणि खालचं जायकवाडी यांच्यातलं भांडण त्याच कलमाभोवती फिरतं. कलम आहे, पण वरच्याला खालच्याचा आकडा खरा वाटला पाहिजे ना. मॉडेलचा उपयोग इथे होतो. वरचा आणि खालचा दोघांनी एकत्र बसून आकडे टाकले तर "तुमचा बाष्पीभवनाचा आकडा कुठला?" असं तोंडावर विचारता येतं. कालवा सल्लागार समितीत अशी विचारणा मी तरी फारशी ऐकली नाही, तिथे आवर्तनाची, म्हणजे कालव्याला पाणी सुटण्याची, तारीख ऐकून लोक घरी जातात.

तुमच्या भागात असं काही येणार असेल तर बैठकीच्या आठ दिवस आधी मागणीचा रकाना आणि प्राधान्यक्रम छापून मागा, मराठीत. आणि सरासरी नको, सगळ्यात वाईट वर्षी सगळ्यात शेवटच्या चारीचं काय होतं तेवढं दाखवा म्हणा. आमच्याकडे आबांनी तोच हट्ट धरला. लॅपटॉपवाल्या पोरानं थोडं कुरकुरत तो आकडा काढला, आणि भिंतीवर आमची चारी लाल झाली. हेडवाले, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीचे, त्या दिवशी पहिल्यांदा गप्प बसले.