रेग्युलेटर ढिला केला तरी प्रेशर उतरेना

प्रश्न : काका, नमस्कार. माझ्या जुन्या कार्ब्युरेटरच्या जिप्सीत एस्टीमचं एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनवालं इंजिन बसवलंय. टाकीत तासाला २५५ लिटरवाला पंप आहे. पेट्रोलचा दाब राखणारा मूळ रेग्युलेटर खराब झाला म्हणून स्क्रूने प्रेशर कमीजास्त करता येणारा मागवला. स्क्रू पूर्ण ढिला केला तरी गेजचा काटा ४.२ बारच्या खाली येत नाही. प्लग काळे, पेट्रोलचा वास, अ‍ॅव्हरेजचं तर विचारूच नका. मिस्त्री म्हणतो, माल डुप्लिकेट आहे, दुसरा आण. व्हॅक्यूमचं निप्पल त्याने उघडंच ठेवलंय. आणू का दुसरा?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : नको आणूस. आधी गाडीखाली शीर आणि टाकीकडे परत जाणारी नळी बघ. ती कार्ब्युरेटरच्या काळातलीच असणार, करंगळीहून बारीक. पाणी तिथे मुरतंय, म्हणजे पेट्रोल.

हिशेब कर. आयडलला तुझं इंजिन तासाला लिटरभर पितं. पूर्ण ताकदीने पळवलंस तरी २५-३० लिटर. पंप ढकलतोय २५० च्या आसपास. उरलेलं सगळं रेग्युलेटरमधून परत टाकीत जायला हवं. त्या बिचाऱ्याने दार सताड उघडलंय, पण पुढे बोळ अरुंद. मग दाब तुंबणारच. घागर भरायला तू बंब बोलावलास, बाबा!

खात्री करून घे. इंजिन गार, गाडी उघड्यावर, आग विझवायचं सिलिंडर हाताशी. रेग्युलेटरची परतीची होज काढून तिथे जाड, आखूड होज लाव, तिचं टोक जमिनीवर ठेवलेल्या लोखंडी कॅनमध्ये सोड. इंजिन बंद ठेवून मिस्त्रीला नुसता पंप १० सेकंद चालवायला सांग. पाऊण लिटरभर पेट्रोल पडेल. काटा खाली आला, स्क्रूचं ऐकू लागला, तर रेग्युलेटर निर्दोष. मग एक तर टाकीपर्यंत ८ मिमीची परतीची लाइन टाक, टाकीवरच्या निप्पलसकट, नाही तर पंप काढून एस्टीमचाच बसव. मला विचारशील तर पंप बदल. टर्बो नाही, काही नाही, एवढा मोठा पंप हवा कशाला?

हं, डब्यावरचा आकडाही एकदा वाच. कार्ब्युरेटरचे रेग्युलेटर दहा पीएसआयच्या आतलेच असतात, इंजेक्शनवाले ३० च्या पुढचे. १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. दुकानदार दोन्ही एकाच फळीवर ठेवतात.

आता ते उघडं निप्पल. रेग्युलेटरच्या पोटात एक पडदा असतो, एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला स्प्रिंग. स्प्रिंगच्या बाजूला मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्याचा, व्हॅक्यूम मिळाला, तरच इंजेक्टरच्या तोंडाशी आत-बाहेरच्या दाबातला फरक सारखा राहतो. म्हणून थ्रॉटलच्या पुढून, मॅनिफोल्डवरून त्याला नळी दे. सेटिंग करताना मात्र ती काढायची, मॅनिफोल्डकडचं टोक बुजवायचं, इंजिन आयडलला ठेवून मॅन्युअलमधला आकडा गाठायचा आणि लॉकनट आवळायचा. नळी परत लावलीस की काटा अर्धा बारभर उतरेल. उतरला नाही तर नळी चुकीच्या जागी लागलीय. आकडा एस्टीमच्या मॅन्युअलमधलाच घे, कारण इंजेक्टर तिचे आहेत. ३ बारच्या जागी ४.२ म्हणजे पेट्रोल सुमारे १८ टक्के जास्त, पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाने वाढतं ना! प्लग काळे होणार नाहीत तर काय.

फिटिंगवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नकोस, ओ-रिंगच्या तोंडाला तर अजिबात नाही. हे मी स्वतः केलंय. महेश्वरहून परतताना मानपूरच्या घाटात माझी गाडी चढावर धापा टाकत बंद पडली. पंप ठणठणीत, फिल्टर नवा. दुसऱ्या दिवशी रेग्युलेटर खोलला तर तांदळाएवढी टेपची पांढरी चिंधी त्याच्या आतल्या सीटवर, म्हणजे परतीच्या दाराच्या तोंडावर, अडकलेली. तोंड मिटतच नव्हतं, दाब सगळा टाकीकडे पळत होता. बायको घाटातल्या दगडावर दोन तास बसली होती. अजून टेपचं रीळ दिसलं की तिचा चेहरा बदलतो.

होज इंजेक्शनचीच घे, तिच्यावर जे३०आर९ छापलेलं असतं. आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुनं रबर त्यात टिकत नाही. गेज बॉनेटखालीच राहू दे, पेट्रोलची नळी केबिनमध्ये आणू नकोस. आणि इंजिन बदललंय ते आरसीवर चढवलंस का? मोटार वाहन कायदा, कलम ५२.

सगळं झाल्यावर दोन-चार दिवसांनी व्हॅक्यूमची नळी रेग्युलेटरवरून काढ आणि हुंगून बघ. पेट्रोलचा वास आला तर पडदा फाटला. तेव्हा मात्र खुशाल दुसरा आण.