घरच्या गॅरेजमध्ये मॉडेल ए सेडानचा हॉट रॉड : करवत चालवण्याआधी काय ठरवावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मिशिगनमध्ये तुम्ही १९३० ची फोर्ड मॉडेल ए, दोन दारांची ट्यूडर सेडान घेतली आहे. मूळ इंजिन जाम झाले आहे आणि तळाचा पत्रा गंजून गेला आहे, पण दारे व खांब सरळ आहेत. तिच्यात शेव्हरोलेचे ३५० घन इंचांचे व्ही-८ बसवून, छप्पर ४ इंचांनी उतरवून (म्हणजे खांब कापून खाली आणून) आणि मडगार्ड काढून घरच्या गॅरेजमध्येच हॉट रॉड, म्हणजे जुनी गाडी कापून-बदलून केलेली वेगवान गाडी, करण्याचा तुमचा विचार आहे, आणि सुरुवात छप्पर कापण्यापासून करावी का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते छप्पर सर्वांत शेवटी येते. अशी गाडी दोनदा बांधावी लागते : एकदा रंगाशिवाय, उघड्या पत्र्यात, शेवटच्या नटापर्यंत जोडून चालवून पाहायची, आणि मग पूर्ण सुटी करून, रंगवून पुन्हा जोडायची. घरी सुरू झालेली बहुतेक कामे अर्धवट राहतात ती कौशल्य कमी पडले म्हणून नव्हे, तर पहिल्याच उत्साहात गाडी पूर्ण खोलून भाग खोक्यांत भरले गेले आणि कशावर काय बसणार हे कोणी ठरवलेच नव्हते म्हणून.

कापण्यासाठी ही गाडी योग्य आहे का, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण त्याचे उत्तर आधी द्यायला हवे. १९२८ ते १९३१ या मॉडेल-वर्षांत फोर्डने ४८ लाखांहून अधिक मॉडेल ए बनवल्या आणि त्यांत ट्यूडरची संख्या फार मोठी होती, त्यामुळे एक ट्यूडर बदलल्याने इतिहासाचे नुकसान होत नाही. तरीही इंजिन फिरत असते आणि गाडी मूळ भागांसह पूर्ण असती, तर ती तशीच जपणाऱ्याला विकून एखादा रिकामा सांगाडा घ्या, असेच मी सांगितले असते. तुमच्या गाडीची अवस्था पाहता हा संकोच बाळगण्याचे कारण नाही. १९३० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातील म्युरॉकच्या कोरड्या तलावावर तरुण मुले गाड्या पळवत, तेव्हा मान होता तो हलक्या, उघड्या रोडस्टरना; सेडान जड म्हणून मागे पडत. आज मात्र चार माणसांचे कुटुंब घेऊन जाता येईल असा हॉट रॉड हवा असेल, तर ट्यूडरसारखी दुसरी गाडी नाही असे माझे ठाम मत आहे.

पहिले काम कागदपत्रांचे आहे. मॉडेल एचा क्रमांक इंजिनवर आणि चासीच्या डाव्या पट्टीच्या वरच्या अंगाला, बॉडीखाली झाकलेल्या जागी ठोकलेला असतो. त्या काळी अनेक राज्यांनी इंजिनच्याच क्रमांकावर मालकीचे कागद दिले आणि पुढे इंजिने बदलली गेली, त्यामुळे कागदावरचा क्रमांक आणि चासीवरचा क्रमांक वेगळे निघणे मुळीच दुर्मीळ नाही. बॉडी उचलताच त्या जागेची घाण केवळ कापडाने आणि सौम्य द्रावणाने पुसा व फोटो घ्या. तिथे ग्राइंडर कधीही लावू नका. क्रमांक जुळत नसेल तर पैसे खर्च करण्याआधी राज्याच्या वाहन कार्यालयाकडून मार्ग विचारून घ्या. अनेक राज्यांत १९४९ पूर्वीच्या बदललेल्या गाड्यांसाठी ‘स्ट्रीट रॉड’ अशी वेगळी नोंदणी असते, आणि दिवे, मडगार्ड, बंपर यांबाबतचे नियम राज्यागणिक बदलतात. म्हणून मडगार्ड काढण्याचा निर्णयही हे नियम वाचल्यावरच घ्यावा.

त्यानंतर चाके आणि टायर. अनेकांना हा क्रम उलटा वाटतो, परंतु गाडी जमिनीपासून किती उंच उभी राहणार हे टायरच्या बाहेरच्या व्यासावर ठरते, आणि चासी, एक्सल, इंजिनचा कल, स्टिअरिंगचे कोन, इतकेच नव्हे तर छप्पर किती उतरवावे हेही त्या उंचीवरून ठरते. मागे उंच आणि पुढे लहान टायर लावून गाडीचे नाक थोडे झुकवणे ही हॉट रॉडची ओळख आहे. टायर विकत घेण्याआधी त्याच व्यासाच्या प्लायवुडच्या चकत्या कापून गाडीला टेकवा आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन बाजूने पाहा.

मॉडेल एची चासी ४० अश्वशक्तीच्या चार सिलिंडर इंजिनासाठी घडवलेली पातळ, उघड्या बाजूच्या पन्हाळीसारखी पट्टी आहे. व्ही-८ चा पीळ ती सहन करणार नाही, म्हणून उघड्या बाजूला आतून पट्ट्या जोडून तिची पेटी करावी लागते. पण वाकलेल्या चासीची पेटी केली तर तो वाक कायमचा होतो. चासी चार घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) समपातळीत ठेवा, ठरावीक छिद्रांतून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करा आणि त्या खुणांमधील कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सारखे आले तरच चासी काटकोनात आहे. एक्सलपासून एक्सलपर्यंतचे मूळ अंतर १०३.५ इंच आहे, ते डाव्या आणि उजव्या बाजूला स्वतंत्रपणे मोजा. पट्टी जोडताना इंच-दीड इंचाचे टाके समोरासमोरच्या बाजूंनी आळीपाळीने घाला; एका टोकाकडून सलग वेल्डिंग केल्यास पट्टी धनुष्यासारखी वाकते. जाड लोखंडाच्या वेल्डिंगवर तुमचा हात अजून बसलेला नसेल, तर व्यावसायिकाने बनवलेली नवी चासी घेणे हा सरळ शहाणपणाचा मार्ग आहे, मात्र मग क्रमांकाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो आणि तो कार्यालयातच सोडवावा लागतो.

मडगार्ड नसलेल्या गाडीत पुढचा एक्सल उघडा दिसतो, त्यामुळे मस्टँग-२ पद्धतीच्या (प्रत्येक चाक वेगळे हलणाऱ्या) स्वतंत्र सस्पेन्शनपेक्षा ४ इंच खाली उतरवलेला आय-बीम (अखंड दांड्याचा) एक्सल आणि आडवा पाटा (स्प्रिंग) हीच जोडी मी निवडेन. इथे एक गोष्ट बारकाईने समजून घ्या. आडवा पाटा दोन्ही टोकांना शॅकलवर (झुलत्या कड्यांवर) लटकलेला असतो आणि शॅकल डावी-उजवीकडे झुलू शकतात. स्टिअरिंग बॉक्सपासून निघणारा दांडा समोरच्या चाकाकडे आडवा जात असेल, तर तुम्ही चक्र फिरवताच आधी अख्खा एक्सल बाजूला सरकतो आणि नंतर चाके वळतात. वेगात ही गाडी भटकते. त्यावर उपाय म्हणजे पॅनहार्ड रॉड, म्हणजे एक्सल बाजूला सरकू न देणारा चासी व एक्सलमधला आडवा दांडा : त्याचे चासीकडचे टोक स्टिअरिंग बॉक्सच्याच बाजूला असावे आणि तो त्या आडव्या दांड्याला शक्यतो समांतर व तेवढ्याच लांबीचा असावा, म्हणजे खड्ड्यातून जाताना दोघांचे कंस सारखे राहून चक्राला झटका बसत नाही. कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे झुकलेला कोन) सुमारे ६ अंश ठेवा, परंतु तो गाडी अंतिम उंचीवर उभी असताना मोजा, कारण नाक २ अंशांनी झुकले तर कॅस्टरही तेवढाच कमी होतो.

इंजिनाबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. शेव्हरोलेचे ३५० सर्वत्र मिळते आणि त्याचे भाग स्वस्त आहेत, हे खरे. पण त्याचा डिस्ट्रिब्युटर (ठिणगी वाटणारा भाग) इंजिनच्या मागच्या बाजूला असल्यामुळे मॉडेल एचे फायरवॉल (इंजिन आणि बसण्याची जागा यांमधला पत्रा) कापून आत ढकलावे लागते आणि तेवढी जागा पुढे बसणाऱ्याच्या पायांची जाते. फोर्डच्या ३०२ चा डिस्ट्रिब्युटर पुढे असतो, इंजिन अरुंद व हलके आहे, आणि ते फोर्डच्या बॉडीत फोर्डच राहते. त्याची ऑइल सम्प (खालचे तेलाचे भांडे) मात्र पाहून घ्या, कारण पुढे खोलगट असलेली सम्प चासीच्या आडव्या पट्टीला (क्रॉसमेंबरला) अडते. मूळ ट्यूडरचे वजन सुमारे २३०० ते २४०० पौंड आहे. एवढ्या गाडीला २५० अश्वशक्ती पुरून उरते, त्यामुळे इंजिन फुगवण्यावर खर्च करू नका. मागे फोर्डचे ८ इंची डिफरन्शियल (मागच्या चाकांना शक्ती वाटून देणारी दात्यांची पेटी) पुरेसे आहे, आणि १९७० च्या दशकातील फोर्ड मॅव्हरिक गाडीचे डिफरन्शियल सुमारे ५६.५ इंच रुंद असल्याने ते सहसा न कापता बसते. इंजिनची शेपटी जेवढे अंश खाली झुकते, तेवढेच अंश पिनियनचे (डिफरन्शियलच्या पुढच्या दातेरी चाकाचे) नाक वर ठेवा, म्हणजे शाफ्टचे दोन्ही सांधे एकमेकांची थरथर खोडून काढतील.

वाचवायचे तर इतरत्र वाचवा, ब्रेकवर नाही. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९ मध्ये आणले, म्हणजे तुमच्या गाडीतले ब्रेक दांड्यांनी ओढले जाणारे आहेत आणि व्ही-८ बरोबर ते ठेवणे धोक्याचे आहे. दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर (पेडलने ब्रेकचे तेल दाबणारा भाग) घ्या. तो पायाखाली, चासीच्या पातळीवर बसणार असल्याने कॅलिपरमधले तेल उताराने परत येते आणि पहिल्या दाबाला पेडल पोकळ लागते. ते टाळण्यासाठी नळीत डिस्ककरिता २ आणि ड्रमकरिता १० पीएसआयचा (पौंड प्रति चौरस इंच) रेसिड्युअल व्हॉल्व्ह, म्हणजे नळीत थोडा दाब राखणारी झडप, लावावा लागतो. पॉवर नसलेल्या ब्रेकला पेडलचे गुणोत्तर (पायाचा जोर किती पट वाढतो ते) ६ ला १ च्या आसपास हवे. नळ्यांची टोके दुहेरी फ्लेअरचीच (दुमडून पसरवलेली) करा. पाण्याच्या नळासाठी वापरतात तसे कॉम्प्रेशन फिटिंग ब्रेकच्या नळीत कधीही चालणार नाही.

आता छप्पर. मॉडेल एचे खांब जवळजवळ उभे आहेत, म्हणून वरचा भाग खाली आणल्यावर तो खालच्या खांबांवर बहुतांशी जुळून बसतो. पुढच्या काळातील तिरक्या खांबांच्या गाड्यांसारखे छत लांबवावे लागत नाही. काचा सपाट असल्याने त्या कापून मिळतात, फक्त पुढची काच एएस-१ खुणेची लॅमिनेटेड असावी. परंतु ४ इंच हा आकडा आताच धरून बसू नका. आसन अंतिम उंचीवर पक्के झाल्यावर काचांच्या वरच्या कडेपासून ४ इंचांपर्यंत कागदी टेप चिकटवा, आत बसा, गाडी सिग्नलखाली थांबली आहे असे समजून वर पाहा, आणि घरातल्या सर्वांत उंच माणसालाही बसवून पाहा. टेप अर्ध्या-अर्ध्या इंचाने काढत गेल्यावर जो आकडा सुखाचा वाटेल तोच तुमचा आकडा; माझ्या अनुभवाने ट्यूडरला ३ इंच शोभून दिसतात, कारण त्याहून जास्त उतरवले की मागच्या लहान खिडक्या फटीसारख्या वाटू लागतात.

कापण्याआधी बॉडी पूर्ण झालेल्या चासीवर बोल्टने घट्ट बसलेली असावी, दारे बंद असताना फटी सारख्या आलेल्या असाव्यात, आणि आतून चौकोनी नळ्यांचे आडवे-तिरपे आधार दारांच्या चौकटींना टाचलेले असावेत. छताच्या मधोमध फोर्डने पत्रा दिलेला नव्हता; तिथे लाकडी पट्ट्या आणि वर जलरोधक कापड होते, कारण मोठ्या पत्र्याचे एकसंध छत अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३५ च्या मॉडेलांपासून रूढ केले. छप्पर उतरवल्यावर ती पोकळी पत्र्याने भरा, म्हणजे बॉडीची ताकद वाढेल, आणि त्या पत्र्यावर उभ्या उठावरेषा पाडून घ्या, नाहीतर तो वाऱ्याने ढोलासारखा वाजेल.

पातळ पत्र्याला ०.०२३ इंची तार आणि ७५ टक्के आर्गॉन, २५ टक्के कार्बन डायऑक्साइड असे मिश्रण वापरा. एक टाका घाला, दूर जाऊन दुसरा घाला, पहिला हाताला गार लागेपर्यंत त्याच्या शेजारी जाऊ नका. थंड होताना टाका पत्रा ओढून घेतो, म्हणून प्रत्येक टाका मागे डॉली (लोखंडी ठोकळा) धरून हातोडीने हलकेच ठोका, म्हणजे ओढलेला पत्रा परत पसरतो. हे केले तर लांबी (पुट्टी) कागदाएवढी पातळ भरावी लागते. छताला आणि दारांना वाळूचा मारा करू नका, त्याने पत्रा ताणून लहरी येतात.

एक इशारा मनापासून देतो. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या जागेवर वेल्डिंग केल्यास फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. जुन्या रंगात आणि जुन्या भरावात शिसे असू शकते, तर जुन्या ब्रेक शूजमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस. ती धूळ कपड्यांवरून घरात, मुलांपर्यंत जाऊ देऊ नका. तुमचे गॅरेज घराला जोडलेले असेल आणि गॅसचा वॉटर हीटर तिथेच असेल, तर पेट्रोलचे काम बाहेर करा. मॉडेल एची टाकी डॅशबोर्डच्या पुढे, गुडघ्यांच्या वर असते. ती रिकामी करून तिचा केवळ बाह्य आकार ठेवावा आणि नवी टाकी मागे बसवावी, पण जुन्या टाकीला ठिणगी लावण्याआधी ती व्यावसायिकाकडून निर्धोक करून घ्यावी. वायरिंग ६ व्होल्टवरून १२ वर न्या, आणि इंजिन, चासी व बॉडी यांना जोडणाऱ्या अर्थच्या पट्ट्या विसरू नका.

पुण्यातल्या तुमच्या भावाला प्रीमियर पद्मिनीवर असेच काही करता येईल का, हेही तुम्ही विचारले आहे. रस्त्यावर चालवण्यासाठी नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितले. २०२१ च्या नियमांनुसार मिळणारी व्हिंटेज नोंदणीही मूळ रूपात राखलेल्या, ५० वर्षांहून जुन्या गाडीलाच आहे. त्याने पद्मिनी मूळ रूपात उभी करावी. त्यातही पत्रा, ब्रेक आणि वायरिंगचे शिक्षण तेवढेच मिळते.

तुमची मॉडेल ए उघड्या पत्र्यात जोडून झाली की इपॉक्सी प्रायमरचा (गंज रोखणाऱ्या अस्तराचा) एक हात द्या, कारण मिशिगनच्या दमट हवेत उघडा पत्रा लगेच लालसर होतो. मग रिकाम्या रस्त्यावर हळू चालवा, परत येऊन प्रत्येक बोल्ट तपासा, ब्रेकच्या सांध्यांखाली कोरा पुठ्ठा ठेवून रात्रभर गळती पाहा, तापमान आणि स्टिअरिंगची नोंद ठेवा. नॅशनल स्ट्रीट रॉड असोसिएशनचे स्वयंसेवक २३ मुद्द्यांची सुरक्षा तपासणी करून देतात. रंगाआधीच ती करून घ्या, कारण त्यांनी दाखवलेला दोष दुरुस्त करताना वेल्डिंग करावे लागले तर रंग जळत नाही. सगळे मनासारखे झाल्यावरच गाडी सुटी करा आणि रंगाचा विचार करा.

सध्या मला तीन गोष्टी हव्या आहेत : निवडलेल्या टायरचा बाहेरचा व्यास, दोन्ही बाजूंचे एक्सलमधले अंतर आणि चासीचे दोन कर्ण. ते कळवलेत की पुढच्या एक्सलची आणि स्टिअरिंग बॉक्सची जागा आपण मोजून ठरवू.