जुन्या नोकऱ्यांची नोंद शोधताय? सुरुवात इथून करा

भाऊ, तुम्ही विचारलंत की नागपूरजवळच्या हिंगण्यातली कंपनी बंद पडली, बुटीबोरीतही आठ महिने काम केलं, तर या जुन्या नोकऱ्यांची नोंद कुठे मिळेल. कंपनी बंद पडली म्हणून तुमची तिथली वर्षं पुसली गेली नाहीत. घाबरू नका.

आधी पीएफ बघा. १२ अंकी यूएएन (पीएफचा कायमचा सदस्य क्रमांक) टाकून ईपीएफओ म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या संस्थेच्या सदस्य पोर्टलवर 'सर्व्हिस हिस्टरी' उघडा. कंपनी, रुजू तारीख, सोडल्याची तारीख, सगळं एका जागी दिसतं. यूएएन २०१४ मध्ये आला. त्याआधीची नोकरी त्याला जोडलेली नसेल तर दिसणार नाही. तिथे जुनी पगारपावती कामी येते, कारण तिच्यावर बहुधा पीएफ खाते क्रमांक असतो. म्हणून रद्दी देण्याआधी घरातली प्रत्येक फाइल चाळाच.

पगारातून टीडीएस (पगार देतानाच वळता होणारा आयकर) कापला जात असेल, तर आयकराच्या २६एएस मध्ये (कापलेल्या कराचा वार्षिक तक्ता) त्या-त्या वर्षाची कंपनी नावानिशी सापडते. तेही नसेल तर बँकेचं जुनं पासबुक.

नवीन माणसं हमखास चुकतात ते इथे:
- सोडल्याची तारीख तपासत नाहीत. ती रिकामी असेल तर शेवटच्या पीएफ वर्गणीनंतर दोन महिन्यांनी स्वतःच भरता येते.
- एजंटला ओटीपी देतात. कधीच देऊ नका!

पीएफच्या पेन्शनला १० वर्षांची सेवा लागते, म्हणून बुटीबोरीतले ते आठ महिनेही सोडू नका. ट्रान्सफर (जुना पीएफ नव्या खात्यात नेणं), जॉइंट डिक्लरेशन (नोंदीतल्या चुका दुरुस्तीचा अर्ज) वगैरे नंतर बघू. आधी नोकऱ्यांची यादी करून इथे टाका.