सळईला मान पडली की पाडली?

दारव्ह्याकडच्या एका पोराने विचारलंय. तो मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. लोखंडी सळई दोन्ही टोकांनी ओढली की तुटण्याआधी एका जागी बारीक होते, त्याला इंग्रजीत नेकिंग म्हणतात. हेच त्याने संगणकावर फायनाइट एलिमेंट पद्धतीने, म्हणजे सळईचे बारीक तुकड्यांच्या जाळीत भाग पाडून, करून पाहिलंय आणि आता विज्ञान दिनाला गावच्या शाळेत त्याचं मराठी पोस्टर लावायचंय. त्याने ‘ग्रीवीकरण’ लिहिलं, तर आजोबा म्हणाले, “हे कोन्त्या देवाचं नाव होय?” नेकिंगला धड मराठी शब्द आहे का, असा त्याचा प्रश्न.

आहे, भाऊ. फक्त नामाच्या मागे लागू नको, क्रियापद धर.

‘मान’ हा शब्द साधा, पण आधीच बऱ्याच कामांना जुंपलेला. पाण्यावाचून पऱ्हाटी मान टाकते, तान्हं बाळ काही महिन्यांचं झालं की मान धरतं. त्यातून पुल्लिंगी मान वेगळाच: ‘सळईला मान मिळाला’ म्हटलं तर शाल-श्रीफळच डोळ्यांपुढे येतं. ‘गळा’ घ्यावा तर गळा काढणं म्हणजे रडणं. आकार पाहिला तर ‘कंबर’ जास्त बरोबर, कारण मानेच्या वर डोकं नि खाली धड, तर ओढलेल्या सळईत दोन्हीकडे सारखंच, डमरूसारखं. पण आपल्याकडे कंबर खचते, मोडते, कसली जाते. तिच्या वाट्याला आणखी काम नको. मानच ठेवू.

आता विभक्ती सांभाळ. ‘सळईची मान पडली’ लिहिलंस तर ती बिचारी खाली मान घालून बसल्यासारखी वाटेल. ‘सळईला मान पडली’ लिही. भिंतीला भेग पडते, धोतराला चुणी पडते, दोरीला पीळ पडतो, पातेल्याला पोचा पडतो. ‘ला’ आणि ‘पडणे’ अशी जोडी आली की मराठी कानाला आपोआप कळतं: आधी नव्हतं, ते आता झालं, आणि कोणी मुद्दाम केलं नाही.

हे मला शेतात उमगलं. तुरीत रोही शिरतात म्हणून धुऱ्यावर तार ओढत होतो. पहारीला तारेचा फेरा देऊन नेट लावला. तार लांबली, आणखी लांबली, मग हाताला एकदम हलकं लागलं आणि तटकन तुटली. टोक पाहिलं तर तासलेल्या पेन्सिलीसारखं. सोबतचा माणूस म्हणाला, “मधात पतली पडली ना तुटली.” क्रियापद त्यानेच दिलं होतं. हाताला हलकं लागणं हाही त्याच गोष्टीचा भाग: मान पडू लागली की ओढायला लागणारं बळ उतरत जातं.

मान का पडते, हे समजायला सूतकताई पाहावी. आमच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्राममुळे म्हण, चरखा पाहिलेली माणसं अजून भेटतात. पेळूतून धागा ओढताना तो जिथे बारीक होतो तिथे पीळ धावतो. पीळ चढला की ती जागा कडक होते आणि पुढचं ओढणं जाड भागावर जातं. म्हणून धागा एकसारखा उतरतो. पीळ पुरला नाही की तीच बारीक जागा आणखी बारीक होऊन तुटते. धातूत पिळाचं काम कडकपणा करतो. मऊ तार चार वेळा वाकवली की कडक होते, तोच हा कडकपणा. ओढताना जाडी घटते आणि कडकपणा वाढतो. वाढणारा कडकपणा घटत्या जाडीला पुरून उरतो तोवर सळई सगळीकडे सारखी लांबते. तो मागे पडला की पुढचं सगळं लांबणं एकाच जागी गोळा होतं. आर्मां कॉन्सिदेर या फ्रेंच अभियंत्याने १८८५ मध्ये हा हिशोब मांडला. तुझ्या सूत्रात कडकपणाचा घातांक, म्हणजे लांबताना कडकपणा किती झपाट्याने वाढतो ते सांगणारा आकडा, ०.२ असेल, तर मूळ लांबीच्या सुमारे २२ टक्के लांबल्यावर मान पडायला सुरुवात होईल.

‘ग्रीवीकरणा’वर माझा खरा आक्षेप त्यातल्या ‘करणा’वर आहे. विद्युतीकरण, काँक्रिटीकरण, सगळीकडे करणारा कोणीतरी असतो. इथे कोण आहे?

आणि इथेच तुझ्या प्रकल्पात गंमत आहे. संगणकातली सळई अगदी निर्दोष असते. टोकांना मोकळेपणी बारीक होऊ दिलं, तर कुठे मान काढावी हे तिला ठरवताच येत नाही आणि ती सरळच्या सरळ लांबत राहते. म्हणून मध्ये मुद्दाम खोट ठेवावी लागते: १० मिलिमीटर व्यासाची सळई मधल्या जागी ९.९५ मिलिमीटरची करायची. जाळी तिथे दाट विणायची. भार वाढवत न जाता टोक सरकवत न्यायचं, कारण भार तर पुढे उतरणार आहे. म्हणजे तू मान ‘पाडलीस’. भोक पाडतो, खाच पाडतो, तशी. एका काना-मात्रेत करणारा आला. पण टोकं पकडीत घट्ट आवळलेली दाखवलीस, तर तिथे सळईला बारीक होता येत नाही आणि खोट न ठेवताही मधोमध मान पडते. तेव्हा पुन्हा ‘पडली’च.

तर प्रयोगशाळेतल्या तुकड्याच्या फोटोखाली ‘सळईला मान पडली’ लिही आणि संगणकाच्या चित्राखाली, तू खोट ठेवली असशील तर, ‘सळईला मान पाडली’. फायनाइट एलिमेंटला ‘परिमित घटक’ असं एकदा कंसात दे, बाकी ‘बारीक तुकड्यांची जाळी’ म्हण. कप अँड कोनही विचारलं होतंस: मृदू पोलादाच्या तुटलेल्या एका तुकड्याला वाटी दिसते, दुसऱ्याला बोथट शंकू. ‘वाटी-शंकू’ पुरे. आजोबांना दोन्ही तुकडे हातात दे, ते तुला याहून बरा शब्द सांगतील. सांगितला तर मला कळव.